नागपुरात क्राफ्ट बिअर चाखून तिच्यावर लिहायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातले पाच-सहा मित्र महिन्यातून एकदा बसतात, शहरातल्या मायक्रोब्रुअरीची (जागेवरच बिअर बनवून नळावरून विकणाऱ्या ठिकाणाची) बिअर किंवा पुण्या-बंगळुरूहून कुणीतरी आणलेल्या बाटल्या चाखतात आणि वहीत नोंद ठेवतात. नोंद मात्र ‘मस्त’, ‘जरा कडू’, ‘पैसे वाया’ याच्या पुढे सरकत नाही. त्यात पुण्यात आवडलेल्या एका आयपीएच्या (जास्त कडू आणि जास्त वासाच्या बिअरच्या) बाटल्या उन्हाळ्यात मागवल्या, तर इथे ती बेचव निघाली. चाखायचं कसं, गुण द्यायचे कसे, आणि ती बाटली काहून बिघडली?

आधी बाटलीचं सांगतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. बिअरला उष्णता, उजेड आणि हवा तिन्ही सोसत नाहीत. या धंद्यात ३-३०-३०० असा ठोकताळा चालतो: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच उतरते. ठोकताळाच आहे, पण नागपूरकराने तो भिंतीवर लिहून ठेवावा असा. मे महिन्यात इथे सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याचं गोदाम, टेम्पो आणि गाडीची डिकी यांचं तर बोलायलाच नको. अशा दोन दिवसांत आयपीएमधला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी उडतो. कडूपणा इतक्या लवकर जात नाही. म्हणून ग्लासात उरतो तो नुसता उघडा कडूपणा, आणि त्याच्या मागून ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा जुन्या वहीसारखा वास. तुमची ‘बेचव’ बहुधा हीच. तिचा राग बनवणाऱ्यावर काढायचं कारण नाही.

त्यामुळे बाहेरगावहून आलेल्या बाटलीची पहिली नोंद चवीची नसते, तारखेची असते. बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक, विकत घेतली तेव्हा दुकानात फ्रिजमध्ये होती की रॅकवर, आणि प्रवास कोणत्या महिन्यात झाला. आयपीए आणि गव्हाच्या बिअर दोन-तीन महिन्यांच्या आतल्याच घ्या. स्टाउटसारख्या गडद आणि जास्त दमाच्या बिअर थोडं जास्त सहन करतात, तेव्हा उन्हाळ्यात काही मागवायचंच तर त्या मागवा. अंतरावर फार विसंबू नका. सिंबा ही बिअर छत्तीसगडात दुर्गला बनते, म्हणजे नागपूरहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, पण मधल्या गोदामात ती महिनाभर तापली तर जवळ असून उपयोग काय? हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला उन्हाची काही मिनिटंही पुरतात. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की जळक्या रबरासारखा उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बरीच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो.

एक कायद्याचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि समृद्धी महामार्ग त्याच जिल्ह्यातून जातो, तेव्हा पुण्या-मुंबईहून येताना डिकीत बाटल्या टाकण्याआधी परवान्याचं आणि वाहतुकीचं काय ते नीट पाहा. आणि बैठक संपल्यावर गाडी कुणीच चालवू नये. कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. आहे, आणि चाखणी म्हणजे थोडीशीच हा समज खोटा आहे. १०० मि.ली.चे सहा नमुने म्हणजे ६०० मि.ली., जवळजवळ एक मोठी बाटली झाली.

आता मायक्रोब्रुअरी. तिथे प्रवास नसतो, पण टाकीपासून नळापर्यंतची नळी असते, आणि निम्म्या वाईट नोंदी खरं तर त्या नळीच्या असतात. नळी दर १४ दिवसांनी कॉस्टिक सोड्याने धुवावी आणि तोटी सुटी करून घासावी, अशी चांगली पद्धत आहे. तसं झालं नाही की आत जंतूंचा थर धरतो आणि बिअरला बटर किंवा पॉपकॉर्नसारखा वास, आंबूसपणा आणि गढूळपणा येतो. आता घोळ असा, की बटरचा हाच वास बिअर कच्ची काढल्यानेही येतो. बिअर आंबवणारं यीस्ट डायअसिटिल नावाचा पदार्थ आधी तयार करतं आणि वेळ मिळाला तर नंतर स्वतःच खाऊन टाकतं. विक्रीच्या घाईत टाकी लवकर थंड केली तर ते तसंच राहतं. दोन्ही वेगळे काढायचे तर त्याच काउंटरवरच्या तीन वेगळ्या बिअर घ्या. तिन्हींत बटर आणि आंबट असेल तर संशय नळीवर. एकीतच बटर असेल, बाकी ती स्वच्छ असेल, आंबट अजिबात नसेल, तर ती कच्ची निघाली आहे. दुकान उघडल्यावरचा पहिला ग्लास चाखणीला घेऊ नका. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला येते. आणि वाढणाऱ्याला विचारा, ही बॅच नळावर कधी लागली? बॅच छोटी असते, संपली की नवी लागते आणि चव बदलते. तारीख नसलेली नोंद पुढच्या महिन्यात कुणाच्याच कामाची राहत नाही.

बैठकीची तयारी फार अवघड नाही, पण दोन-तीन गोष्टींत हयगय चालत नाही. ग्लास २०० ते ३०० मि.ली.चा, तोंडाशी थोडा आत वळलेला; वाइनचा साधा ग्लासही उत्तम चालतो. भांड्यांच्या साबणाचा अंश किंवा तुपाचा हात राहिला तर फेस बसतो. खायच्या सोड्याने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, पालथा घालून वाळवा, फडक्याने पुसू नका. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास अजून अस्वच्छ आहे. फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लास सरळ नाकारा. त्याने वास दडपतो आणि कडेचं पाणी बिअरमध्ये उतरतं.

एका वेळी चार ते सहा बिअर, प्रत्येकी ९० ते १०० मि.ली. तापमान मोजायला स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर पुरतो: पिल्सनर आणि इतर लेगर (आपली नेहमीची बिअर बहुधा हीच) ४ ते ७ अंश, गव्हाच्या ५ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाउट १० ते १३. आपल्याकडे ‘चिल्ड’ हा शब्द गुणवत्तेचा दाखला समजला जातो, पण २ अंशांवर सगळ्याच बिअर सारख्या लागतात, आणि वाईट बिअर विकणाऱ्याला तेच हवं असतं. क्रम फिकटाकडून गडदाकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे, कमी दारूपासून जास्त दारूकडे. मुद्दाम आंबट बनवलेली असेल ती सर्वांत शेवटी. सायडर बिअरच्या रांगेत धरूच नका. ते सफरचंदाच्या रसाचं पेय, त्याची मोजपट्टी वेगळी. मधे साधं, फ्रिजबाहेरचं पाणी आणि कोरा पाव.

आणि खर्रा. बैठकीआधी दोन तास खर्रा, पान, सुपारी, पुदिन्याची गोळी काहीही नको. सुपारीने तोंड तुरट होतं आणि पुढच्या प्रत्येक बिअरवर ‘तुरट’ असा शिक्का बसतो. अत्तर, उदबत्ती आणि डासांची कॉइलही खोलीबाहेर. सकाळी तर्री पोहे खाल्ले असतील तर हरकत नाही, सावजी जेवून थेट चाखणीला बसलात तर मात्र आहे.

प्रत्यक्ष चाखताना पहिला अर्धा मिनिट पेन आणि नाक, तोंड नाही. ग्लास ४५ अंश तिरपा धरून ओता, अर्ध्यानंतर सरळ करून दोन बोटं फेस आणा. लगेच दोन-तीन आखूड हुंगे घ्या. गंधक आणि हॉप्सचे उडते वास पहिल्या वीस सेकंदांतच सापडतात. जे आठवेल ते लिहा, शोभेल ते नको. मग रंग, फेस, स्वच्छता. गढूळपणावर घाईने गुण कापू नका. हेफेवाइझेन आणि विट या गव्हाच्या बिअर गढूळच असतात. स्वच्छ असायला हवी अशी लेगर धुरकट दिसली तर ग्लास तळहातात धरून बसा. कोमट होताना धूसरपणा विरघळला तर ती केवळ थंडीने दिसलेली प्रथिनं, जंतू नाहीत. यानंतर ग्लासावर तळवा झाकून हलकेच फिरवा आणि पुन्हा हुंगा. आता घोट, साधारण १५ मि.ली., जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकू नका, कारण कडूपणाचा हिशोब गिळल्यावर लागतो. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. मागून येणारा वास आणि घसा ओलांडल्यावर मागे राहिलेलं काय, यावर बऱ्या आणि फार चांगल्या बिअरमधला फरक ठरतो. निम्मा नमुना बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा चाखा. थंडीत लपलेले दोष तेव्हा बाहेर येतात.

शब्दांचं म्हणाल तर आपल्याकडे ते कमी नाहीत, वापरायची सवय नाही. ‘कडू’ एकच लिहू नका. कारल्यासारखा पटकन येऊन जाणारा, मेथीसारखा रेंगाळणारा, कडुलिंबासारखा घशात अडकणारा, हे तीन वेगळे कडूपणे आहेत. आणि ‘तुरट’ तर फार कामाचा शब्द. कडू ही चव, तुरट म्हणजे कच्च्या जांभळाने तोंड आवळतं तो स्पर्श. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, फार गरम पाण्याने धुतलं की टरफलांतलं टॅनिन उतरतं आणि बिअर तुरटते. ती चूक बनवण्यातली आहे, हॉप्सची नव्हे. माल्टसाठी भाजक्या पावाची साल, फुटाणे, काकवी, करपलेली भाकरी, कॉफी. हेफेवाइझेनमध्ये केळं आणि लवंग दोन्ही यीस्टमधून येतात, कुणी टाकलेले नसतात; सर्वसाधारणपणे आंबवण गरम झालं तर केळं वाढतं. नुसतं केळ्याचं शिकरण लागत असेल तर तसं लिहा. उन्हाळ्यात टाकीचं कूलिंग काही तास बंद पडलं तर याच्या पुढची पायरी येते: जड अल्कोहोल तयार होतात आणि ५ टक्क्यांची बिअरही घशाला ठसका देते.

उरलेले नेहमीचे दोष पटकन सांगतो. उकडलेलं कणीस किंवा शिजणारा कोबी: फिकट माल्टचं पाणी नीट खळखळून उकळलं नाही किंवा उकळल्यावर हळू थंड झालं. हिरवं सफरचंद: बिअर अजून लहान आहे. व्हिनेगर: हवा आणि जंतू, बहुतेक वेळा नळाशी. डेटॉल किंवा बँडेजचा वास: पाण्यातलं क्लोरीन काढलेलं नाही, किंवा जंगली यीस्ट शिरलं आहे. जुनं चीज: हॉप्स शिळे.

हे वाचून नाक तयार होत नाही, वास भेटवावे लागतात. एक दुपार काढा. बाजारातली सगळ्यात साधी, फिकट लेगर घ्या आणि १०० मि.ली.चे ग्लास भरा. एकात टिनमधल्या मक्याचं पाणी दोन चमचे. एकात पांढरं व्हिनेगर १ मि.ली., म्हणजे साधारण वीस थेंब. एकात बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातला बटर इसेन्स, टूथपिकचं टोक बुडवून फक्त तेवढाच. थेंब टाकलात तर ग्लास फेकावा लागेल. एकात दह्याची निवळी एक चमचा. हिरव्या बाटलीतली बिअर पारदर्शक ग्लासात ओतून अर्धा तास उन्हात ठेवा. पुठ्ठ्याच्या वासासाठी दोन कॅन एकाच बॅचचे घ्या, एक फ्रिजमध्ये आणि एक आठवडाभर कपाटात, जुन्या टॉवेलात गुंडाळून. उन्हात किंवा गाडीत नको, दाबाने फुटतो. शेजारी साधा, काहीही न घातलेला ग्लास हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

नागपूर म्हटलं की मेन्यूवर संत्र्याची बिअर येणारच, आणि इथे चाखणाऱ्याची खरी कसोटी आहे. संत्रं तीन प्रकारांनी आत येतं. साल घातली असेल तर वास ताजा, नखाने साल चिरल्यावर उडतो तसा, आणि चवीत गोडवा नसतो. सालीचा आतला पांढरा भाग जास्त गेला असेल तर शेवटी कडवट-तुरट शेपूट राहतं. रस घातला असेल तर नवशिक्याला आश्चर्य वाटतं, कारण संत्र्याचा गोडवा यीस्ट खाऊन टाकतं आणि उरतो तो पातळ आंबटपणा, वास जेमतेम. इसेन्स घातला असेल तर पहिल्याच हुंग्याला संत्रा बर्फी आठवते, दहा मिनिटांनीही वास तसाच्या तसा आणि चवीत त्याचा पत्ता नाही. मूळ बेल्जियन विटमध्ये धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल जाते. आपल्या नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी, वास गोडसर, म्हणून तिची विट वेगळी लागणं साहजिक आहे. ती मूळासारखी नाही म्हणून गुण कापणं मला पटत नाही. एवढं मात्र पाहा, की संत्र्याचा मोठा बहार हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर येतो. ऑगस्टमध्ये कुणी ‘ताज्या संत्र्याची’ म्हणून वाढली तर साल कधीची, हे विचारायला हरकत नाही.

खाण्याची जोडी वेगळ्या दिवशी तपासा, गुणांच्या दिवशी नको. सावजी रस्सा आणि आयपीए ही जोडी मर्दुमकीची वाटते, पण मिरचीची आग कडूपणाने, दारूने आणि बुडबुड्यांनी भडकते आणि दोन्हींची चव जाते. सावजीला माल्टचा गोडवा असलेली अंबर किंवा हेफेवाइझेन बरी. सांबारवडीसोबत विट छान जाते. वडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि बिअरमध्ये धने, एकाच झाडाची दोन टोकं.

गुणांसाठी नवी पद्धत शोधू नका. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पत्रिका जगभर चालते: वास १२, रूप ३, चव २०, माउथफील (तोंडात जाणवणारा स्पर्श) ५, एकूण परिणाम १०. तीसच्या वर बिअर खूप चांगली, ३८ च्या वर उत्कृष्ट, ४५ च्या वर विरळा. त्याआधी दोन हो-नाही प्रश्न लिहा: दोष आहे का? जे नाव लावलंय ती तीच आहे का? आवडनिवड ही फक्त शेवटच्या १० गुणांत येऊ द्या. स्टाउट न आवडणाऱ्याने स्टाउटला चवीत २० पैकी ८ दिले, तर ती नोंद स्टाउटची नसते, त्या माणसाची असते. नोंद साधारण अशी दिसावी:

‘बेल्जियन विट, मायक्रोब्रुअरी, नळावरची, बॅच लागून ६ दिवस. ५ अंशांवर वाढली, १२ पर्यंत चाखली. वास: आधी धने, मग संत्र्याची साल, खाली भिजलेल्या कणकेसारखा गहू, कोमट झाल्यावर उकडलेल्या कणसाची पुसट छटा. ९. रूप: फिकट, दुधट, फेस दोन बोटं, तीन मिनिटांत अर्धा. ३. चव: सुरुवात गव्हाची गोडसर, मधे हलकी आंबूस, शेवट कोरडा, कडूपणा जेमतेम, पण सालीचा तुरटपणा अर्धा मिनिट रेंगाळतो. १४. माउथफील: हलकी, बारीक बुडबुडे. ४. एकूण: स्वच्छ, दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो, साल कमी हवी. ७. बेरीज ३७.’

गुण सगळ्यांनी आधी लिहायचे, बोलायचं नंतर. एकाने मोठ्याने ‘केळं!’ म्हटलं की सहाही जणांना केळं लागतं. आणि ‘ही नक्कीच वेगळी बॅच आहे’ असा वाद झाला तर तीन ग्लासांची चाचणी लावा: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, ग्लासांवर खाली चिठ्ठी, ओतणारा माणूस खोलीबाहेर. प्रत्येकाने वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं बरोबर येतंच. म्हणून सहा जणांत चौघांचं बरोबर आलं तरी पुरेसं नाही, तसं दहात एकदा नशिबानेही होतं. पाचांचं आलं तर फरक माना. नशिबाने तेवढं जमण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी.

अजूनही काही बैठकींत, बिअरमध्ये ग्लिसरीन असतं या समजाने, बाटली पाण्यात उलटी धरून ते ‘ग्लिसरीन’ काढतात. खाली उतरताना दिसते ती बिअरच असते, पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने. त्या खेळात गॅस जातो आणि थोडं पाणी आत येतं, तेव्हा चाखणीच्या बाटलीवर तो नको.